परसातील कुक्कुटपालन, परभणी जिल्ह्यातील

परसातील कुक्कुटपालन, परभणी जिल्ह्यातील : घराच्या मागीलपुढील मोकळ्या जागेत, वेगळे भांडवल न घालता व मुख्यत्वे घरातील स्त्रियांच्या देखरेखीखाली पाच ते वीस कोंबड्या अंड्यांसाठी आणि प्रसंगी मांसासाठी पाळण्याच्या प्रथेस परसातील कुक्कुटपालन म्हणतात. अशा कोंबडीला मराठवाड्यात ‘गावरान’ हे नाव आहे. ती एखादी निश्चित जात नव्हे; त्या त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आपोआप निपजत आलेल्या, रंगाने तांबड्या, काळ्या, कवड्या किंवा करड्या अशा मिश्र पक्ष्यांचा तो समुदाय होय. या पक्ष्याच्या वर्षात अंडी देण्याचे, उबवण्याचे, पिले वाढविण्याचे आणि पिसे टाकण्याचे असे चार काळ येतात. यांपैकी पहिल्या काळाकडेच शासन, बाजार व ग्रंथकार यांचे लक्ष गेले. उरलेल्या तिहींचा, विशेषतः चौथ्याचा, विचार घरातील बाईनेच केला. त्यामुळे या व्यवसायाचा इतिहास केवळ अंड्यांच्या आकड्यांवरून लिहिल्यास अपुरा राहतो.

परभणी जिल्हा गोदावरी आणि तिच्या खोऱ्यातील पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठी, सु. १९° उत्तर अक्षांशावर वसलेला आहे. जमीन बहुतांशी काळी व भारी असून ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद, करडई ही येथील जुनी पिके. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात दिवसाचे तापमान अनेकदा ४०° से.च्या वर जाते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे १९८१ मध्ये परतूर तालुका जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जुन्या पशुगणनेतील ‘परभणी जिल्हा’ आजच्यापेक्षा बराच मोठा होता, ही गोष्ट विसरून केलेल्या तुलना दिशाभूल करतात.

पूर्वपीठिका : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा होय. डार्विन यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्या या एकाच जातीपासून उत्पन्न झाल्याचे मत मांडले होते. ते पुष्कळ अंशी टिकले. तथापि पिवळ्या कातडीचा व पायांचा गुण द्वीपकल्पीय भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखविले. पाळीव कोंबडीचे आतापर्यंतचे सर्वांत जुने, खात्रीचे मानले जाणारे अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी मिळाले असून ते इ. स. पू. सु. १६५० ते १२५० या काळातील आहेत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. भात व भरड धान्याच्या शेतीने रानकोंबडा माणसाच्या वस्तीकडे ओढला गेला, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. खळ्यावर सांडलेल्या दाण्याभोवती हे नाते जुळले, ही गोष्ट परभणीच्या संदर्भात पुढे पुन्हा येणार आहे.

भारतीय वाङ्‌मयात कोंबडा प्राचीन काळापासून आढळतो. पाणिनीच्या व्याकरणातील ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत या स्वरमात्रा कोंबड्याच्या आरवण्यावरून समजावून देण्याची परंपरा आहे. त्याचबरोबर, मनुस्मृतीत द्विजांना वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांत गावकोंबडा येतो, आणि पतंजलीने महाभाष्यात गावातील कोंबडा अभक्ष्य म्हटले की रानातील भक्ष्य असे आपोआप समजते, हे उदाहरण विवेचनाच्या ओघात दिले आहे. उकिरडा उकरणारा पक्षी म्हणून गावकोंबडी अशुद्ध आणि रानातील तीच शुद्ध, हा भेद मराठवाड्याच्या खेड्यांत विसाव्या शतकापर्यंत वस्तीच्या रचनेतही दिसे. ब्राह्मण, लिंगायत, जैन यांच्या घरी कोंबडी नसे. पुष्कळ वारकरी कुटुंबांतही माळ घातल्यावर खुराडे मोडले जाई. उलट दलित वस्त्या, मुसलमान मोहल्ले, बंजारा तांडे, वडार व धनगर यांची घरे आणि पुष्कळशी कुणबी-मराठा घरे येथे कोंबडी हा संसाराचाच भाग होता. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्याकडे कोंबडी होती, असे स्थूलमानाने म्हणता येईल. तिला चरण्यासाठी स्वतःचे शेत लागत नाही.

घर व कोंबडी : परसातील कोंबडीची व्यवस्था थोडक्यात सांगता येते. दिवसा ती मोकळी असते. रात्री दगडमातीच्या किंवा फळ्यांच्या खुराड्यात, अथवा अंगणात पालथ्या घातलेल्या बांबूच्या डालग्याखाली तिला कोंडतात. मुंगूस, बोका, रानमांजर, घार, साप आणि गावकुत्री हे तिचे शत्रू. खाद्य म्हणजे खळ्यावरचे व उकिरड्यावरचे दाणे, घरातील कण्या, भरडा, शिळी भाकरी, आणि तिने स्वतः उकरून मिळविलेले किडे, वाळवी, गोगलगायी व कोवळा पाला. अंगावरील उवा-पिसवा घालविण्यासाठी ती धुळीत लोळते. म्हणून जाणत्या बायका चुलीची राख एका कोपऱ्यात टाकून ठेवतात.

या व्यवसायाची शब्दसंपदा लक्षणीय आहे. अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी ती ‘तलंग’. अंडी घालणे थांबवून उबवण्यास बसू पाहणारी ती ‘खुडूक’. खुडूक कोंबडीखाली दहाबारा अंडी ठेवून ती बसविली की २१ दिवसांनी पिले निघतात. सकाळी खुराडे उघडताना कोंबडी हाती धरून आज अंडे आहे की नाही हे बोटाने चाचपून पाहण्याची रीत सर्वत्र आहे. ज्या कोंबडीत अंडे आहे ती मग दाराबाहेर सोडली जात नाही, नाहीतर अंडे शेजारच्या कडब्याच्या गंजीत जाते. त्यावरून होणारी भांडणे हा खेड्यातील एक नित्याचा विषय होय.

अंड्यांचा व कोंबडीचा पैसा हा बहुधा घरातील स्त्रीचा पैसा असे. मीठमिरची, मुलाची वही, माहेरी जाण्याचे भाडे असे खर्च त्यातून भागत आणि त्याचा हिशेब कोणी विचारीत नसे. नव्या सुनेला किंवा गरजू नातेवाईक बाईला कोंबडी ‘वाट्याने’ देण्याचीही रीत आहे : पालनपोषण तिने करावयाचे आणि निघालेली पिले दोघींनी वाटून घ्यावयाची. या व्यवहारात पैसा लागत नाही, पण खुडूक बसणारी कोंबडी मात्र लागते.

निर्मोचन : जुनी पिसे झडून त्यांच्या जागी नवी येण्याच्या क्रियेस निर्मोचन म्हणतात. बोलीत ‘कोंबडीने पिसे टाकली’ असे म्हणतात. पिलाची लव जाऊन पिसे येतात तेव्हापासून ते वयात येईपर्यंत पक्षी काही वेळा पिसे बदलतोच. परंतु येथे प्रस्तुत आहे ते प्रौढ कोंबडीचे वर्षातून साधारण एकदा होणारे निर्मोचन. पहिले पूर्ण निर्मोचन बहुधा दीड वर्षाच्या सुमारास येते.

पिसे झडण्याचा क्रम सामान्यतः ठरलेला असतो. प्रथम डोके व मान, मग छाती व धड, त्यानंतर पंख आणि शेवटी शेपटी अशी पिसे जातात. पंखाच्या बाहेरील भागात बहुधा दहा मोठी पिसे असतात. ती आतून बाहेर, एकामागून एक अशी गळतात. प्रत्येक नवे पीस पूर्ण वाढण्यास सु. सहा आठवडे लागतात. जी कोंबडी ही पिसे दोन दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक करून टाकते तिचा पंख पुरा होण्यास सु. चोवीस आठवडे जातात. जी एकदम तीनचार टाकते ती आठदहा आठवड्यांतच पुन्हा सज्ज होते. यामुळे एक वरकरणी विचित्र गोष्ट घडते : एकाएकी उघडीबोडकी होऊन अंगणात हिंडणारी, पाहणाऱ्याला केविलवाणी वाटणारी कोंबडी ही पुष्कळदा कळपातील चांगली अंडी देणारी असते, आणि दिसण्यात नीटनेटकी राहून महिनोन्‌महिने थोडी थोडी पिसे गाळणारी आळशी असते. बाजारात मात्र पहिली कवडीमोलाने जाते व दुसरीला भाव येतो.

निर्मोचनाच्या काळात अंडी देणे बहुधा पूर्णपणे थांबते. पीस हे जवळजवळ सगळे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते, आणि केराटिनासाठी गंधकयुक्त ॲमिनो अम्ले लागतात. अंडे व पीस या दोहोंना पुरेल इतके प्रथिन परसातील खाद्यातून मिळत नाही. या काळात बीजाशय व अंडवाहिनी आक्रसतात, तुरा लहान व फिकट होतो, मांड्यांमागील दोन हाडांमधील अंतर कमी होते आणि वजन घटते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत अंडी देताना उडून गेलेला पिवळा रंग पायांवर व चोचीवर हळूहळू परत येतो. विश्रांतीनंतर कोंबडी पुन्हा अंड्यावर येते तेव्हा अंडे आकाराने मोठे व कवच अधिक बळकट असते. तेव्हा ही मोडतोड नसून दुरुस्ती होय.

हे घडविणारे मुख्य कारण म्हणजे लहान होत जाणारा दिवस. प्रकाशाचा काळ घटला की मेंदूतील अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्याकडून बीजाशयाला मिळणारी चेतना मंदावते. पिसांच्या वाढीस अवटू ग्रंथीचे प्रवर्तक साहाय्य करते. इंग्लंड-अमेरिकेतील पुस्तकांत शरद ऋतूतील निर्मोचनाचे जे ठाशीव वेळापत्रक आढळते ते या कारणावर उभे आहे. परंतु लंडनला सर्वांत मोठा दिवस सु. साडेसोळा तासांचा व सर्वांत लहान सु. आठ तासांचा असतो. परभणीस हेच आकडे सु. सव्वातेरा व अकरा आहेत. सव्वादोन तासांचा हा फरक कोंबडीला जाणवत नाही असे नाही. पण येथे तो एकटा निर्णायक ठरत नाही. खुडूक बसणे, उन्हाळ्याचा ताप, पावसाळ्यातील ओल, दाण्याचा तुटवडा, पाणी तुटणे, जागा बदलणे किंवा रोग यांपैकी कशानेही पिसे झडू लागतात. म्हणूनच परभणीच्या अंगणात सगळ्या कोंबड्या एकाच वेळी पिसे टाकीत नाहीत. एक पिसे टाकीत असते, दुसरी बसलेली असते, तिसरी अंड्यावर असते, आणि घरात वर्षभर थोडी तरी अंडी राहतात. विलायती पुस्तकांचा भाषांतरित सल्ला जसाच्या तसा देणाऱ्या पुस्तिकांनी हा फरक क्वचितच ध्यानात घेतला.

वर्षाचे चक्र : तरीसुद्धा भाद्रपद ते कार्तिक हा या भागात पिसे टाकण्याचा विशेष काळ म्हणता येईल. आषाढात, म्हणजे बोलीतल्या आखाडात, कोंबड्यांना सर्वांत अधिक मागणी असते. म्हसोबा, मरीआई यांचे नवस आणि श्रावण लागण्यापूर्वीची मांसाहारी जेवणे या दिवसांत होतात आणि उरलेले कोंबडे तेव्हा संपतात. श्रावण लागला की पुष्कळ हिंदू घरांत अंडेसुद्धा चालत नाही, नवरात्रातही तेच. मुसलमान व इतर काही घरांतील मागणी चालू राहिली, तरी आठवडी बाजारातील भाव उतरतो. अंडी कमी होण्याचा काळ आणि मागणी कमी असण्याचा काळ असे बऱ्याच अंशी जुळतात. कोंबडीच्या विश्रांतीमुळे घराचे नुकसान वाटते तितके होत नाही, ते यामुळे. दिवाळीनंतर थंडी पडते व भाव चढतो तेव्हा लवकर पिसे टाकलेली कोंबडी पुन्हा अंड्यावर आलेली असते.

आहाराचाही असाच मेळ होता. मूग-उडदाची खळी भाद्रपदात होत. किडके दाणे, शेंगांचा भुसा व त्यातील अळ्या कोंबडीच्या वाट्याला येत. पुढे खरीप ज्वारी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी रब्बी ज्वारी. ज्वारीत प्रथिन बेताचेच असते. ती उणीव किडे व डाळींचा चुरा भरून काढीत. घरात तिळाची पेंड असल्यास ती विशेष उपयुक्त, कारण पिसांना लागणारे मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल तिळात चांगल्या प्रमाणात असते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून ही स्थिती पालटली. जायकवाडीच्या कालव्याने काही भागातील पीकपद्धती बदलली, सोयाबीनचे क्षेत्र ज्वारी-मुगाच्या जागी झपाट्याने वाढले आणि मळणी यंत्राने घराजवळचे खळे शेतात नेले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे घटक असल्याने ते भाजल्या-शिजविल्याशिवाय कोंबडीला उपयोगी नाही. प्रथिनाने समृद्ध असे पीक दारात असून कोंबडीला त्याचा लाभ नाही, अशी ही परिस्थिती आहे. गावरान कोंबड्या हल्ली फार काळ पिसे टाकून बसतात अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ, प्रस्तुत लेखकाच्या मते, कोंबडीत नसून नाहीशा झालेल्या खळ्यात आहे.

पिसे टाकलेल्या कोंबडीची निगा साधी असते. नवीन पिसाचा कोंब रक्ताने भरलेला असतो; त्याला धक्का लागल्यास रक्त येते व ते पाहून इतर कोंबड्या टोचू लागतात. म्हणून या दिवसांत तिला उगाच हाती धरीत नाहीत, आणि टोचरा कोंबडा वेगळा ठेवतात. ओल व वारा यांपासून आडोसा, स्वच्छ पाणी, आणि शक्य तर मूठभर पेंड वा डाळीचा चुरा एवढे पुरते. अंडी थांबली म्हणून याच वेळी दाणा तोडणे ही मात्र सार्वत्रिक चूक आहे. तिच्यामुळे विश्रांती लांबते.

सुधारणेचे प्रयत्न : सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सुरू झाली आणि तिच्याबरोबर कुक्कुटसुधारणा खेड्यात पोहोचली. व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींचे कोंबडे गावात देऊन देशी कोंबड्यांचा वंश सुधारावा, ही त्या काळातील मुख्य कल्पना होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर हे काम पुष्कळ अंशी त्यांच्याकडे आले. परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली (२०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे) व त्याच वर्षी तेथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याकडे गेले.

वर्षाला ५०–८० अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीपुढे २०० हून अधिक अंडी देणारी लेगहॉर्न ठेवली की निकाल उघड दिसतो. पण ही वाढ कोठून आली हे पाहणे अगत्याचे आहे. गावरान कोंबडी बारापंधरा अंडी घालून खुडूक बसते, दीडदोन महिने पिलांमागे हिंडते, मग पुन्हा अंड्यावर येते. असे वर्षात तीनचार वेळा होते, आणि शिवाय निर्मोचन. लेगहॉर्नमध्ये निवडीने खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केलेला आहे आणि निर्मोचनही पुढे ढकललेले आहे. वाढलेली अंडी म्हणजे पुष्कळ अंशी बंद केलेल्या विश्रांतीची अंडी होत. अशी कोंबडी स्वतःचे पिलू काढीत नाही. ते यंत्रात निघते. खेड्यात दिलेली सुधारित तलंग म्हातारी झाली की तिच्या मागे काही उरत नसे आणि बाईला पुन्हा कार्यालयाच्या दारी जावे लागे. त्यातच पांढरी लेगहॉर्न घारीला लांबून दिसते. योजनेच्या अहवालात वाटलेल्या पक्ष्यांची संख्या असे. तिसऱ्या वर्षी अंगणात काय उरले याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.

दरम्यान व्यापारी कुक्कुटपालन निराळ्या मार्गाने वाढले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेचे बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा भाव ठरविण्यात उत्पादकांना स्थान मिळाले. बंदिस्त पिंजऱ्यांत सोळा तासांपर्यंत विजेचा प्रकाश देऊन दिवस लहान होऊच दिला जात नाही. तरीही वर्षसव्वा वर्षाने उत्पादन घसरते. तेव्हा कोंबड्या विकून टाकणे, किंवा खाद्य तोडून सगळ्यांना एकदम पिसे टाकावयास लावणे व दुसरा हंगाम घेणे, हे दोन मार्ग उरतात. उपाशी ठेवून सक्तीने केलेले निर्मोचन हे प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून ते बंद करण्याची सूचना भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ मध्ये दिली. या कारखानदारीच्या मांसल पक्ष्याला खेड्यात ‘ब्रॉयलर’ऐवजी ‘बॉयलर’ हे नाव पडले, आणि त्याच्या तुलनेतच ‘गावरान’ या शब्दाला आजची प्रतिष्ठा आली. पूर्वी कोंबडी नुसतीच कोंबडी होती.

सुधारणेच्या दुसऱ्या टप्प्यात परसासाठीच खास पक्षी तयार करण्यात आले : बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचे वनराजा व ग्रामप्रिया. ते रंगीत असल्याने शत्रूंच्या डोळ्यांत कमी भरतात. वनराजा परसात शंभरएक अंडी देते, ग्रामप्रिया त्याहून अधिक. साधारण चार आठवडे वाढविलेली पिले लाभार्थींना देण्याची पद्धतही आधीपेक्षा शहाणपणाची आहे. मूळ अडचण मात्र राहिली आहे. हे पक्षी खुडूक बसत नाहीत किंवा क्वचित बसतात. अनुभवी घरांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे : एकदोन गावरान कोंबड्या राखावयाच्या आणि सुधारित कोंबडीची अंडी त्यांच्या पोटाखाली ठेवावयाची. पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, पण खुराडे रिकामे राहत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५·१८ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांपैकी ३१·७ कोटी परसातील होते आणि आधीच्या गणनेच्या मानाने ही संख्या सु. ४६ टक्क्यांनी वाढली होती. परसातील कोंबडी लोप पावत आहे हे विधान त्यामुळे आता करता येत नाही. पण या वाढीतील कोणता पक्षी स्वतःची पिले काढू शकतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

रोग व संशय : परसातील कोंबडीचा खरा काळ म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत रोग. १९२० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल व भारतातील राणीखेत येथे तो ओळखला गेला. लस न दिलेल्या गावात तो शिरला तर आठवड्याभरात बहुतेक कोंबड्या जातात. पहिल्या आठवड्यात लासोटा व पुढे सहाआठ आठवड्यांच्या सुमारास दुसरी लस, एवढ्याने तो आवरतो. पण लशीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची, ती थंड ठेवावी लागते आणि फोडल्यावर थोड्याच तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या दहा. गल्लीतील सर्व घरांनी एका सकाळी खुराडी न उघडता लस टोचून घेतली तरच ती परवडते. काही गावांतील महिला बचत गटांनी हे जमविले आहे.

बर्ड फ्ल्यू भारतात प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. परभणी जिल्ह्यात तो जानेवारी २०२१ मध्ये आला. परभणी तालुक्यातील मुरुंबा या गावी दोनतीन दिवसांत सु. ८०० कोंबड्या मरण पावल्या. भोपाळ येथील प्रयोगशाळेने रोगाचे निदान निश्चित केले आणि गावापासून एक किमी. परिसरातील कोंबड्या नष्ट करण्याचे ठरले. अशा आदेशात कोंबडी बंदिस्त आहे की अंगणातली, अंड्यावरची की खुडूक, हा भेद नसतो, आणि रोगशास्त्राच्या दृष्टीने तो असूही नये. परंतु व्यापारी शेडमध्ये नवी तुकडी काही महिन्यांत येते. वाट्याने दिल्याघेतल्या कोंबड्यांतून उभा राहिलेला अंगणातला वंश कोणत्याही उबवणी केंद्रात मिळत नाही. तो परत आणावयाचा तर दूरच्या गावातील नातलगांकडून अंडी व एक खुडूक कोंबडी मागून आणावी लागते, आणि तेही निर्बंध उठल्यावर.

अशा बातमीच्या दिवसांत पिसे टाकणारी कोंबडी विनाकारण बळी पडते. ती मलूल दिसते, तुरा फिकटलेला असतो, अंडी थांबलेली असतात. शेजारी बोट दाखवितात आणि ती मिळेल त्या भावाने विकली किंवा पुरली जाते. उलट खरोखर आजारी कोंबडी ‘पिसे टाकते आहे’ म्हणून दुर्लक्षिली जाते, हा धोका त्याहून मोठा आहे. दोहोंतील फरक अंगणातच कळू शकतो. पिसे टाकणारी कोंबडी चरते, उकरते, धुळीत लोळते, कळपाबरोबर राहते आणि तिच्या उघड्या कातडीवर नव्या पिसांचे कोंब टोचल्यासारखे दिसतात. मानमोडीत हिरवट हगवण, घरघर, मान वाकडी होणे व पंख लुळे पडणे ही लक्षणे दिसतात. बर्ड फ्ल्यूत तुरा व गलोल निळेजांभळे होतात, डोके सुजते आणि पुष्कळदा कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वीच एकापाठोपाठ एक पक्षी मरतात. शासनाची भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच मेलेल्यांसाठी नव्हे. त्यामुळे दोनतीन कोंबड्या अचानक मेल्याबरोबर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळविणे घराच्या हिताचे ठरते. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा आणि उरलेल्या कोंबड्या, पिसे टाकणाऱ्यांसह, अधिकारी येईपर्यंत खुराड्यातच ठेवाव्यात.